डिस्क १००%, काम शून्य: घरच्या एका संथ पीसीचा तपास

"बटण दाबतो आणि चहा ठेवतो. चहा उकळतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी ते गोल फिरतंयच," अशी काकांची तक्रार होती. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सांगलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. सोसायटीचे खजिनदार असल्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्या, जमाखर्च, ऑडिटरला द्यायचे तक्ते असं सगळं त्यांच्या घरच्या डेस्कटॉपवर. त्याच डिस्कवर दहा-बारा वर्षांचे घरचे फोटो. दुसरी प्रत कुठेही नाही. ही शेवटची गोष्ट पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

यंत्र २०१४ सालचं, दुकानातून असेंबल करून घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क. आलं तेव्हा त्यावर विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये विंडोज १० फुकट मिळत होतं तेव्हा भाच्यानं ते चढवून दिलं. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. लाइट गेली की पीसी जागच्या जागी बंद.

मी नोव्हेंबर २०२५ मध्ये बघायला गेलो तोवर निदानं भरपूर झाली होती. भाच्याचं म्हणणं, १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम स्लो केलंय, नवीन मशीन घ्यायला लावायचं म्हणून. मेलबर्नचा मुलगा म्हणत होता रॅम कमी पडतेय. त्यानं तिकडून रिमोटनं जोडून सिसमेन आणि विंडोज सर्च या पाठीमागे चालणाऱ्या दोन सर्व्हिसेस बंद करून ठेवल्या होत्या. त्यानं दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारू, संध्याकाळी घेऊन जा." काकू म्हणाल्या नेटच स्लो आहे. यातलं एकही मत वेडगळ नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या अनुभवातलं नेहमीचं कारण सांगितलं होतं, एवढंच.

काकूंचं मत सगळ्यात आधी निकालात निघालं, कारण ते तपासायला सोपं. राउटर बंद केला आणि कॅल्क्युलेटर उघडला. त्याला नेट लागत नाही. तो उघडायला पाऊण मिनिट गेलं.

मग काकांना खोदून विचारलं. स्लो म्हणजे नक्की काय? कधीपासून? हळूहळू की एकदम? स्लो या एका शब्दाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि त्या सोडवून घेतल्याशिवाय टास्क मॅनेजर उघडण्यात अर्थ नसतो. काकांच्या बोलण्यातून दोन वेगळे त्रास निघाले. पहिला जुना: चालू व्हायला चार-पाच मिनिटं, क्रोम आणि एक्सेल एकत्र उघडले की रखडणं. हे तीन-चार वर्षांपासून हळूहळू वाढत आलेलं, त्याची त्यांना सवय झालेली. दुसरा नवा: काम चालू असताना सगळं मध्येच गोठतं. माउसचा बाण फिरतो, पण क्लिकला दाद नाही. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. मग अचानक मधल्या वेळात केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि चार खिडक्या धडाधड उघडतात. "आणि गणपतीच्या फोटोंचा फोल्डर उघडला की हमखास," काका म्हणाले.

हे हमखास फार मोलाचं. रॅम कमी असली, व्हायरस असला, विंडोज बिघडलेलं असलं, तर त्याचा त्रास एकाच फोल्डरला चिकटून बसत नाही. ठरावीक जागी गेलं की अडतं, याचा अर्थ बहुधा जागेतच काहीतरी आहे.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०% च्या आत-बाहेर, मेमरी ७८%, डिस्क १००%, लालभडक. बहुतेक तपास इथंच थांबतात: डिस्क १००% आहे, म्हणजे कुणीतरी ती वापरतंय, त्या कुणालातरी शोधा आणि बंद करा. मुलानं तेच केलं होतं. पण त्या १००% चा अर्थ डिस्कमधून भरपूर डेटा वाहतोय असा नसतो. त्या वेळात डिस्ककडे सतत काहीतरी मागणी पडून होती, इतकाच असतो. परफॉर्मन्सच्या टॅबवर जाऊन डिस्क निवडली की खाली खरे आकडे दिसतात. इथं वाचनाचा वेग होता सेकंदाला ०.२ एमबी, आणि अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम ३,००० मिलिसेकंदांच्या वर.

आता नुसता कमी वेग हा पुरावा नाही, हे इथंच सांगायला हवं, कारण त्यावरून चांगल्या डिस्का फेकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२, आणि हेडला योग्य पट्ट्यावर जायला साधारण ९. एकूण तेरा-चौदा मिलिसेकंद. म्हणजे इकडचा एक तुकडा, तिकडचा एक तुकडा अशी मागणी असेल तर धडधाकट डिस्कसुद्धा सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी मागण्याच पुऱ्या करते. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम ३०० केबी. मंडईत यादीतल्या क्रमानंच खरेदी करायची अट घातली, तर कोथिंबिरीसाठी एका टोकाला आणि लिंबासाठी दुसऱ्या टोकाला जावं लागेल, तसं आहे हे. विंडोज १० पाठीमागे असल्या किरकोळ मागण्या सतत करत असतं. काकांचा जुना, सवयीचा झालेला त्रास तो हाच. डिस्क नवी कोरी असती तरी तो राहिलाच असता.

पण ३,००० मिलिसेकंद हे त्या हिशेबात बसत नाही. मागण्यांची रांग लांबली तर रिस्पॉन्स टाइम शेकड्यात जातो, हे खरं. म्हणून रांग बघायची. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्कच्या टॅबमध्ये तळाशी क्यू लेंग्थ दिसते. सगळे प्रोग्रॅम बंद करून, पाच मिनिटं हात न लावता थांबलो. रांग एक-दोनवर आली. मग काकांना म्हटलं, गणपतीचा फोल्डर उघडा. रांगेत गर्दी नाही, आणि तरीही यादीत एका फोटोच्या नावासमोर रिस्पॉन्स टाइम १८,००० च्या पुढे गेला. एक फोटो वाचायला अठरा सेकंद. त्याच्याच खाली पेजफाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल, ताटकळत उभी. त्याच क्षणी कॅबिनेटमधून बारीक आवाज आला: कट्, थोडी उसंत, पुन्हा कट्. काकूंना तो आवाज माहीत होता. त्यांना वाटलं होतं पंखा आहे.

बाकीचे संशयित लवकर आटोपले. प्रोसेसर तापून मंदावलाय का? टास्क मॅनेजरमध्ये वेग पूर्ण दिसत होता. या आय३ ला टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवायची सोय, नाही, त्यामुळे तिथं घोटाळाही होत नाही. आतली धूळ मात्र झाडली. व्हायरस? गुपचूप क्रिप्टो कॉइन खणणारे प्रोग्रॅम प्रोसेसर कामाला लावतात. इथं गोठण्याच्या ऐन वेळी तो रिकामा बसलेला. मुदत संपलेला एक अँटीव्हायरस अजून ठाण मांडून होता, तो नंतर काढला. रॅम? क्रोम बंद करून निम्मी मोकळी झाल्यावरही फोटो तसाच अडला. रॅम कमी होती हे मुलाचं म्हणणं बरोबर, पण गोठण्याचं कारण ते नव्हतं.

भाच्याच्या तर्कासाठी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. सिस्टिमच्या लॉगमध्ये डिस्क या नावाच्या नोंदी ओळीनं होत्या: क्रमांक ७, म्हणजे डिस्कवर बॅड ब्लॉक सापडला, क्रमांक १५३, म्हणजे वाचायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला, आणि मध्येमध्ये डिस्कच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाची १२९, म्हणजे उत्तरच न आल्यामुळे विंडोजनं डिस्कला रीसेट दिला. सगळ्यात जुनी नोंद निघाली ९ सप्टेंबरची. अनंत चतुर्दशी होती ६ सप्टेंबरला. विसर्जन झाल्यावर काकांनी मोबाइलमधले फोटो कॉपी करून बघायला घेतले, तेव्हाची ती नोंद. सपोर्ट संपला त्याच्या महिनाभराहून आधीची. मायक्रोसॉफ्टला बाकी कशाहीसाठी शिव्या घालता येतील, यासाठी नाही.

उरलं डिस्कला स्वतःला विचारणं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजच्या कमांडनं विचारलं तर उत्तर आलं 'ओके'. या ओकेवर जाऊ नये. उत्पादकानं ठरवलेली शेवटची मर्यादा अजून ओलांडलेली नाही, एवढंच ते सांगतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये मूळ आकडे दिसतात, आणि तिथं पिवळ्या पट्टीवर सावधानतेचा इशारा होता. चालू राहिल्याचे तास २१,९०० च्या आसपास. ०५ या ओळीत, म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे बारीक कप्पे), आकडा १८. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय लटकलेले सेक्टर, आकडा १४८. हे आकडे मुळात दहाऐवजी सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये, छापलेले असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १८ म्हणजे एक सोळा आणि आठ, आपल्या हिशेबात २४, आणि १४८ म्हणजे ३२८. सी७ ही ओळ, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, शून्य होती. ती वाढलेली असती तर आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटाची केबल बदलून बघितली असती. दोन-तीनशेची केबल खराब असताना डिस्क बदलली जाते, असं पुष्कळदा होतं.

गोठणं नेमकं कसं होतं ते आता स्पष्ट झालं. सेक्टर वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही. घरगुती डिस्क असं धरून चालते की हा डेटा दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून हेड किंचित इकडेतिकडे सरकवत पुन्हा पुन्हा वाचत राहते, कितीतरी सेकंद. तो कट्चा आवाज त्याचाच. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीच्या पेटीसाठी, बनवलेल्या डिस्का सुमारे ७ सेकंदांत नाद सोडतात, कारण तिथं दुसऱ्या डिस्कवर प्रत असते. विंडोज उत्तरासाठी मिनिटभर थांबायला तयार असतं. त्या मिनिटात पेजफाइल, क्रोम, एक्सेल, सगळ्यांच्या मागण्या मागे खोळंबतात. बाण मात्र फिरतो, कारण त्याला डिस्कवरून काही आणायचं नसतं.

खात्रीसाठी एक शेवटची चाचणी केली, आणि ती कुणालाही करता येते: पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. तोच प्रोसेसर, तीच ४ जीबी रॅम, तोच मदरबोर्ड. पण मशीन चटपटीत. फायरफॉक्स चालला, व्हिडिओ चालला. हार्ड डिस्कवरचा तो फोल्डर उघडला आणि फाइल मॅनेजर गोठला. तिथं विंडोज नव्हतंच, म्हणजे विंडोज करप्ट असण्याचा प्रश्नही संपला.

इथून पुढे निदानापेक्षा घाई न करणं महत्त्वाचं होतं. स्लो पीसीवर लोक जे जे उपाय सुचवतात, डीफ्रॅग, फुल स्कॅन, चेकडिस्कचा आर स्विच, विंडोज रीसेट, ते सगळे डिस्ककडून भरपूर वाचन-लेखन करून घेतात. मरणाऱ्या डिस्ककडून एवढं काम करून घ्यायचं असेल तर ते फक्त प्रत काढण्यासाठी. आणि फॉरमॅटबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण दुकानदार खोटं बोलत नव्हता. फॉरमॅट मारला असता तर पीसी खरोखर सुधारला असता! लटकलेल्या सेक्टरवर नवं काही लिहिलं गेलं की डिस्कला जुना मजकूर वाचायचा आग्रह उरत नाही. ती तिथंच लिहून बघते, नाही जमलं तर राखीव सेक्टर बदली देते. आकडा शून्याकडे जातो, गोठणं थांबतं, काही आठवडे छान जातात. फॉरमॅट मारला की फास्ट होतो, ही समजूत अशा अनुभवांवरच पोसलेली आहे. फक्त काकांचा जमाखर्च आणि फोटो गेले असते, आणि बिघडणारी डिस्क तशीच आत राहिली असती.

पीसी बंद केला. काकांना सांगितलं, आता कुतूहल म्हणूनही चालू करायचा नाही. "पावत्या?" "पावत्या दोन दिवस हातानं फाडा, काका." २ टीबीची बाहेरची डिस्क आणली आणि त्याच लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यूनं संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्यायला लावली. हा प्रोग्रॅम आधी सरळ वाचता येणारा भाग उचलतो, अडेल तिथून उडी मारून पुढे जातो, आणि खराब जागांशी झटापट शेवटी करतो. शिवाय काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत लिहीत जातो, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. फाइल एक्सप्लोररमधून ओढून कॉपी केलं असतं तर पहिल्याच खराब फोटोशी अडलं असतं. निरोगी १ टीबीला दोन-अडीच तास पुरतात. इथं रात्र गेली आणि दुसरा दिवस अर्धा गेला. या वेळी पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला होता.

शेवटी न वाचता आलेला भाग उरला पाऊण एमबीच्या आसपास. पण तो नेमका कशातला? डीडीरेस्क्यूला सांगता येतं की प्रतिमेतल्या न मिळालेल्या जागा एका ठरावीक मजकुरानं भर. मग सगळ्या फाइलींमध्ये तो मजकूर शोधायचा. सापडला तो गणपतीच्या अकरा फोटोंमध्ये, क्रोमच्या साठवणीत आणि विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींमध्ये. सोसायटीच्या हिशेबाला धक्का नव्हता. फोटोंपैकी बरेचसे बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाले, बारीक झालेले का होईना. व्हायरसची फुल स्कॅनही आता या प्रतीवर चालवली, मूळ डिस्कला त्रास न देता. काही निघालं नाही.

एक प्रश्न राहिला होता: लाइट सारखी जाते म्हणून असं झालं का? लिहिता लिहिता वीज गेली तर सेक्टर अर्धवट राहतो आणि पुढे वाचता येत नाही, पण त्याखालचा पृष्ठभाग चांगला असतो. हे ठरवायची रीत आहे. प्रत हातात आल्यावर जुन्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. नुसता वीज जाण्याचा परिणाम असता तर सी५ शून्यावर आला असता आणि ०५ जागचा हलला नसता. इथं ०५ चा आकडा २४ वरून २०८ वर गेला, आणि पुन्हा वाचून पाहिल्यावर सी५ मध्ये नवे सेक्टर उगवले. पृष्ठभागच चाललाय. तरी यूपीएसची बॅटरी बदलायला लावलीच.

इलाज त्या मानानं कंटाळवाणा. ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) आणि ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी, सेकंडहँड. एच८१ वर साटाचे दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, बाकीचे दोन ३ चे. जुनी डिस्क हळू पोर्टवर लावलेली होती, एसएसडी जलद पोर्टवर घेतली. वाचवलेली प्रतिमा तशीच एसएसडीवर ओतली नाही, कारण विंडोजच्या फाइलींतही भोकं होती. नव्यानं विंडोज १० टाकलं. मदरबोर्ड तोच असल्यामुळे अॅक्टिव्हेशन आपोआप झालं. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते, चौथी चालत नाही. आडवाटेनं ते चढवता येतं, पण ज्या मशीनवर पन्नास घरांचा हिशेब आहे तिथं मी ते करणार नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून लिनक्सही नाही. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं नोंदणी केली. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की त्याला पैसे पडत नाहीत आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होते. तोवर सोसायटीनं खजिनदाराला मशीन द्यायचं की नाही, हा वार्षिक सभेतला विषय.

चालू व्हायला आता अर्धा मिनिट. रिस्पॉन्स टाइम बहुतेक वेळ एका मिलिसेकंदाच्या आत. हिशेबाची रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते, महिन्याची एक पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह सेक्रेटरींच्या घरी असतो.

एक तक्रार मात्र तशीच राहिली. वर्षभराचा खतावणीचा रिपोर्ट काढायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी डिस्क शून्यावर आणि प्रोसेसर २५% वर स्थिर. दोन कोअर आणि चार थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी चार कामं हाताळणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पुरता भरला की २५% दिसतं; ते सॉफ्टवेअर एकाच थ्रेडवर चालतं. एसएसडी लावा, रॅम वाढवा, फरक पडणार नाही. काकांना ते आकडे दाखवले. ते म्हणाले, "वर्षातून एकदाच लागतो रे तो. राहू दे."